मोकळा स्फटिक

डबा धुतलेला होता.

हात्सुयोनं तो ओट्यावर उघडला, आतून बोट फिरवलं, नाकाशी नेला. भाताचं शीत नाही, खारवलेल्या उमे फळाचा लाल डाग नाही, झाकणाच्या रबरी कडेत नेहमी अडकून बसतो तो काळा तीळसुद्धा नाही. कोरडा ठणठणीत. ज्या फडक्यात ती डबा बांधून द्यायची ते फडकं कोपऱ्याला कोपरा जुळवून, घडी घालून आत ठेवलेलं. केइगोनं जन्मात कधी डबा धुतला नव्हता. शाळेत होता तेव्हा नाही, पदवीला होता तेव्हा नाही, परदेशातून परत येऊन टेकडीवरच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला तेव्हा तर नाहीच नाही. संध्याकाळी यायचा, डबा ओट्यावर आदळायचा, "आई, मासा खारट होता," एवढं बोलून आंघोळीला पळायचा. आणि मग त्या खरकट्यावरून पोराचा दिवस कसा गेला ते ती ओळखायची. अंड्याची गुंडाळी उरली असली तर कुणीतरी बैठकीत डोकं खाल्लं. भात उरला असला तर यंत्र बिघडलं. सगळं चाटूनपुसून असलं तर काहीतरी चांगलं घडलंय, आणि आज जेवताना तो आपण होऊन बोलेल. शिकलेली माणसं स्वतःबद्दल सरळ काही सांगत नाहीत, त्यांच्या ताटावरूनच काय ते काढून घ्यावं लागतं, असं तिचं मत होतं आणि ते बदलायची तिला गरज पडली नव्हती. आज काढून घ्यायला काही नव्हतंच. हा कालचा डबा. दुसरा, आजचा, घेऊन तो मघाशीच बाहेर पडला होता. दारात वाकून बूट चढवताना "जाऊन येतो" म्हणाला, ते रोजचंच. पण मग उंबऱ्यापाशी थांबून त्यानं वळून घरात पाहिलं होतं. तिच्याकडे नाही, घराकडे. तेव्हा ती मासा भाजायची जाळी घासत होती. तिला वाटलं छत्री विसरला.

हात्सुयो ओट्याला धरून उभी राहिली. कारण तिच्या नवऱ्यानं, शुनसाकुनं, त्या सकाळी पेला धुतला होता. शहर बसवर चालक होता शुनसाकु. घरात कमी बोलणारा, चहा पिऊन पेला जिथं प्याला तिथंच ठेवून उठणारा. त्या दिवशी ती मोरीतून हात पुसत आली तर पेला फडक्यावर पालथा, पाणी निथळतंय. आणि तिनं काय करावं? खूश झाली. "आज सूर्य कुठल्या दिशेला उगवलाय," असं म्हणाली, तोंडावर म्हणाली, आणि तो हसला. तेवढं हसणं तिच्याकडे राहिलं. दुपारी पुलाकडून माणूस बोलवायला आला. पाय घसरला, हात्सुयोनं पोलिसांना सांगितलं. देवळातल्या भिक्षूला सांगितलं, सासरच्यांना सांगितलं, पाऊस होता ना, पाय घसरला. शाळेतून आलेल्या केइगोला दारातच उभं करून सांगितलं, बाबांचा पाय घसरला. तो "हो" म्हणाला आणि दप्तर खाली ठेवलं. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानंही त्या वाक्यात एका अक्षराची भर घातली नाही की एक अक्षर कमी केलं नाही. ती पक्की भिंत होती घराची. भूकंपात मागची खोली तडकली पण ही नाही तडकली.

केइगोला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिनं कमरेचा एप्रन सोडला, केस विंचरून घट्ट बांधले, चांगला करडा कोट काढला. एवढ्या घाईतही कोटाची कॉलर ब्रशनं झाडली, कारण जग बुडत असलं तरी गबाळ्यासारखं टेकडीवर जाणं तिला जमणारं नव्हतं. आजवर ती तिथं गेलीच नव्हती. मुलाच्या कामाच्या ठिकाणी आई गेली की मुलगा लोकांच्या डोळ्यांत लहान होतो, हे तिचं तत्त्व. शेजारीण म्हणायची, एकदा जाऊन बघून तरी या हो काय करतो ते. ती म्हणायची, काय बघायचंय, काळ्या मिठाचे खडे करतो आणि ते गार करतो. ते मी मुळ्याच्या बरणीतही करते. पण मनात सगळं ठाऊक होतं तिला. घरातच तर सुरू झालं होतं.

रस्त्याकडेच्या झेल्कोवा झाडांची पानं झडून गेली होती आणि वारा उघड्या फांद्यांमधून सरळ अंगावर येत होता. भुयारी गाडीत जागा मिळाली. समोर एक मुलगी फोनवर बोटं नाचवत होती, एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता. प्रत्येकजण आपापल्या जागी, मधे एक एक जागा मोकळी सोडून. हात्सुयोला मुरोई आठवला. नवरा गेल्यावर तिनं घराच्या लांब पडवीला खोल्या पाडल्या आणि विद्यार्थ्यांना राहायला-जेवायला ठेवायचा धंदा मांडला. त्यातल्या पहिल्या पोरांतला मुरोई, दात पुढे, अंगाला कायम रसायनांचा दर्प, पदार्थविज्ञानाचा. एका रविवारी तिनं पाहिलं तर त्यानं पडवीत सगळ्या खोल्यांच्या दारांपुढे सगळ्यांच्या चपला ओळीनं मांडलेल्या, आणि जिन्याच्या पायरीवर बसलेल्या लहान केइगोला काहीतरी समजावतोय. "काय दुकान मांडलंयस रे?" तिनं विचारलं. "काकू, बघा," तो म्हणाला, "प्रत्येक खोलीत एक पोरगा, म्हणजे विजेचा एक कण समजा. खोली दोघांना पुरेल एवढी. म्हणजे अर्धी जागा रिकामी. पुस्तक म्हणतं, एवढी जागा रिकामी आहे, तर पोरांनी इकडून तिकडे हिंडायला हवं. हा धातू झाला, यातून वीज वाहणार. आणि प्रत्यक्षात?" "प्रत्यक्षात काय?" "कुणी हलत नाही. कारण दुसऱ्याच्या खोलीत पाय टाकला की भांडण. मग प्रत्येकजण आपल्या दारात चपला काढून चिडीचूप. वीज ठप्प. एकट्या पोराचा हिशोब बरोबर असतो, काकू, पण ही पोरं एकमेकांवर डोळा ठेवून असतात ना, तो हिशोब कुणालाच जमत नाही. त्यात ही तर एकच पडवी. मोठं मैदान असतं तर वळसा घालून गेला असता. इथं पुढचा हलल्याशिवाय मागच्याला वाटच नाही." "मग भिंती पाडा." मुरोई टाळी वाजवून म्हणाला, "तेच. बाहेरून जोरात दाबायचं. खोल्या जवळ जवळ येतात, भिंती नावापुरत्या राहतात, आणि एका क्षणी सगळेच्या सगळे चालायला लागतात. एकटा-दुकटा नाही, सगळे एकदम." "माझ्या खोल्या कुणी दाबायच्या नाहीत," हात्सुयो म्हणाली. "आणि आधी त्या चपला उचल, माझी मधली वाट अडली." मुरोई चपला उचलू लागला. केइगो मात्र पायरीवरून उठला नाही. तो त्या रिकाम्या दारांकडे बघत राहिला. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्यानं नंतर काय शिकायचं ते त्या पायरीवर ठरलं असावं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं. आणि मग त्या बिनचपलांच्या दारांत त्यानं नेमकं काय पाहिलं असेल, ते तिला विचारावंसं वाटलं नाही.

तिनं त्याला दाबलं, यात शंका नाही. दाबायलाच हवं होतं. बाप गेलेलं पोर, आई मधल्या शाळेतून गिरणीत गेलेली, घरात परक्या पोरांचा राबता. झोपला असेल तर पांघरूण ओढलं. रडला तर "रडून झालं की गणितं घे," म्हणाली. दुसरा नंबर आला तेव्हा पहिल्याचं नाव विचारून घेतलं आणि वर्षभर जेवताना त्या पोराचं नाव काढत राहिली. लोक म्हणत, हात्सुयोसानची जीभ सुरीसारखी. असेल. सुरी नसती तर भाजी कोण चिरणार होतं. तो मात्र दबत दबत चालायला लागला, आणि असा चालला की टेकडी चढून गेला. लग्न केलं, मोडलं, सून जाताना म्हणाली, "आई, तुमच्या मुलाला काहीच नको असतं, ते भयंकर आहे." हात्सुयो म्हणाली, "सामान मोजून घे." नंतर एका शरदात, नदीकाठी पूर्वीचे सगळे खोलीकरी जमले होते, अळकुड्या आणि डुकराचं मांस मिसोच्या रश्शात रटरटत होतं, धूर डोळ्यांत जात होता, तेव्हा केइगो तिच्याजवळ येऊन दगडावर बसला आणि हळूच म्हणाला, "आई, हलले." "कोण हलले?" "सगळे. नुसते गार केले आणि हलले. न दाबता." ती एवढंच म्हणाली की अळकुड्या जास्त शिजल्या आहेत, काठी घेऊन ढवळ. पण त्याच्या तोंडावर असं काही होतं की तिनं ते घरी नेऊन कपाटात ठेवावं तसं जपून ठेवलं. न दाबता. मासेवाल्याला तिनं सांगितलं, देवळात सांगितलं: जगात सगळे दाबून करतात, माझ्या मुलाच्या खड्यानं न दाबता केलं. मासेवाल्यानं विचारलं, "म्हणजे काय होतं?" "तू मासे साफ कर," ती म्हणाली.

आणि या शरदात तो कोरियाला, देजॉनला एका परिषदेला जाऊन आला. तेव्हापासून गप्प होता. गप्प तो नेहमीच असतो, पण हे गप्प वेगळं होतं, विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये असं. तिनं टोचून पाहिलं. "तिथं जीभ विसरून आलास की काय?" "कोरियन लोणच्यानं तोंड भाजलं का?" तो मान हलवायचा. ती टोचत गेली. अजून एक, अजून एक, कधीतरी कळ लागेल आणि ओरडेल. ओरडला नाही. डबा धुतला.

टेकडीवर वारा आणखी बोचरा. इमारतीच्या दारात तिनं पहारेकऱ्याला मुलाचं नाव सांगितलं तेव्हा आवाज नेहमीसारखाच कडक निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. वरच्या मजल्याच्या लांब वाटेत, दोन्ही बाजूंना बंद दारं, प्रत्येक दारावर नाव. एका दाराबाहेर जमिनीवर, गुडघे छातीशी घेऊन एक मुलगी बसली होती. हात्सुयोनं तिला फोटोत पाहिलं होतं. नोझोए, केइगोची विद्यार्थिनी, प्रबंधाला बसलेली.

"काकू?" मुलगी धडपडून उठली. "तुम्ही केइगो सरांच्या आई ना?"

"आहे तो आत?"

"आहेत. पण कुणाला येऊ देत नाहीत. मलाही नाही." तिचे डोळे सुजले होते. "सरांनी आज सकाळी सगळ्यांची टेबलं पुसली. माझ्या सूक्ष्मदर्शकाची काचसुद्धा. मी म्हटलं, सर, मी करते ना. तर म्हणाले, असू दे, हात मोकळेच आहेत."

हात्सुयोनं भिंतीला हात लावला. भिंत थंड होती. "बस," ती म्हणाली, "आणि मला सगळं सांग. मोठे शब्द वापरू नकोस."

नोझोएनं सांगितलं. तो स्फटिक फार पातळ, नखाच्या सालीएवढा. त्याला केसाहून बारीक सोन्याच्या तारा लावायच्या. नुसता टांगला की गार होताना तारा तुटायच्या. म्हणून त्यांनी तो एका छोट्या पट्टीवर चिकटवला. पट्टी प्लास्टिकची, हाताशी होती, स्वस्त होती. देजॉनला सरांचं भाषण झाल्यावर एका तरुण मुलानं हात वर करून विचारलं, स्फटिक कशावर बसवला होता? सर म्हणाले, प्लास्टिकच्या पट्टीवर. आणि पाणी प्यायले. एवढंच. पुढचा प्रश्न कुणीतरी दुसराच विचारला. "पण मी शेजारी होते, काकू. पेला रिकामा झाला तरी सरांनी तो तोंडाला लावूनच ठेवला होता. गार झाल्यावर प्लास्टिक स्फटिकापेक्षा जास्त आकसतं. सगळ्यांना माहीत असतं ते. आम्हालाही होतं. पण तो इतका बारीक की आमच्या मनातच आलं नाही. पट्टीनं त्याला चारही बाजूंनी आवळलं असणार. आम्ही जगभर सांगत होतो, न दाबता."

"आणि चिकटवला कुणी?"

"मी." मुलीनं हात पुढे केले, जणू त्यावर अजून काही चिकटलेलं असावं. "माझ्या हातानं. पण सर ऐकत नाहीत, म्हणतात चूक माझी. माझा प्रबंध जानेवारीत द्यायचाय. त्यात सगळं हेच आहे." ती रडली नाही, रडून झालेलं होतं. "काकू, मला प्रबंधाचं काही नाही. खरंच नाही. तुम्ही आत जा."

दार कुलूपबंद नव्हतं. नुसतं ढकललं नव्हतं कुणी.

खोलीत चिमणीसारखा आवाज येत होता, चिव्... चिव्... एका उभ्या पत्र्याच्या पिंपातून, एकसारखा, न थकता. केइगो पडद्यासमोर बसला होता, हात मांडीवर. टेबल लख्ख. त्यावर आजचा डबा, गाठही न सोडलेला. कडेला एका काडीच्या टोकाला मांजराची मिशी चिकटवलेली. तिनंच शेजारच्या मांजराची गळून पडलेली मिशी गादीवरून उचलून दिली होती, एवढे बारीक खडे हलवायला त्याहून चांगलं काही नसतं म्हणे. त्यानं मान वळवली. आश्चर्य वाटलं नाही त्याला. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"आई. तू कशी?"

"गाडीनं." ती उभीच राहिली. "काल काय खाल्लंस?"

"डबा."

"खोटं बोलू नकोस. तुला भांडं घासता येत नाही."

त्यानं टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओतला. घारींना. घरी नेला असता तर तुला कळलं असतं, खाल्ला नाही ते. म्हणून इथं येऊन धुतला."

"कुठं ओतलास?"

"पुलाखाली."

कुठल्या पुलाखाली ते तिनं विचारलं नाही. या गावात पूल पुष्कळ आहेत, पण तिच्या घराला एकच पूल होता. तिच्या कानात त्या पिंपातली चिमणी मोठी होत गेली. तिला वाटलं, पुढे होऊन याची कॉलर धरावी, उभा करावा, घरी न्यावा, दाराला कडी घालून बसावं, आणि आपण मरेपर्यंत सोडू नये. हात उचललासुद्धा तिनं. मग तो हात तिनं कोटाच्या खिशात घातला, आणि खिशातच मूठ वळली.

"हे काय चाललंय?" तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. काळ्या पडद्यावर ठिपक्यांची रेघ होती, जवळजवळ आडवी. थोड्या थोड्या वेळानं तिच्या टोकाला एक नवा ठिपका येऊन बसत होता.

"तोच स्फटिक. त्याच खेपेचा, एक उरला होता. या वेळी पट्टी नाही, गोंद नाही. सोन्याच्या चार तारांवर नुसता मोकळा टांगलाय. तुटला तर तुटला. आता त्या पिंपात गार होतोय." तो हे सगळं हळू, नीट सांगत होता, लहानपणी तिला पाढे म्हणून दाखवायचा तसं. "फार गार झाल्यावर ही अडथळ्याची रेघ खाली वळली, तर वीज वाहते. वर गेली, तर नाही. इथपर्यंत दोन्ही सारखंच दिसतं."

"आणि काय होणार?"

"वर जाणार." तो म्हणाला. "मला माहीत आहे, आई. देजॉनला त्या मुलानं विचारलं तेव्हाच कळलं. स्फटिकाला आम्ही धरलं होतं, म्हणून तो चालला. सगळीकडून घट्ट धरलं होतं, आणि आम्हाला वाटलं तो आपला आपण चालतोय. सोडलं की तो काही नाही. नुसता काळा खडा."

खोलीत चिमणी चिव् म्हणाली.

"हे मला बोलतोयस का?"

"नाही आई. स्फटिकाबद्दल बोलतोय."

"बरं. मग स्फटिकाबद्दलच बोल."

पण तो पडद्याकडे वळला, आणि तिला कळलं की त्याला खरंच तसं म्हणायचं नव्हतं; म्हणायचं असतं तर बरं झालं असतं. रागावलेला मुलगा जगतो. हा रागावलेला नव्हता. हा टेबलं पुसून बसला होता. तिच्या डोळ्यांसमोर त्याची सगळी वर्षं एका ओळीत उभी राहिली, पडवीतल्या खोल्यांसारखी, प्रत्येक खोलीत एक केइगो. पांघरूण ओढलेला, पाढे म्हणणारा, टोपी फेकून पदवी घेणारा, सुनेचं सामान बांधून देणारा. आणि एका खोलीतल्याला दुसऱ्या खोलीतला कधी भेटलेला नाही. तिनं फक्त बाहेरून दाबत राहायचं, म्हणजे ते चालताना दिसायचे. तिला वाटत होतं, चालतात म्हणजे ठीक आहेत. चालतात ना. लोकांनाही तसंच वाटलं. मासेवाल्यालाही. आता तिचं वय झालं, हात ढिले पडले, जिभेची धार गेली, आणि आतून हे असं निघालं, खोली खोलीत एकेक बसलेला, दारं लावून, चपला बाहेर. चूक कुठं झाली? दाबलं तिथं? की तिचा हात ढिला पडला तिथं? की शाळेतून आलेल्या पोराला दारात उभं करून पहिलं वाक्य सांगितलं तिथं, आणि त्यानं "हो" म्हटलं तिथं? इतकी पुस्तकं होती त्या खोलीत, भिंतभर, त्यातल्या एकातही हे लिहिलेलं नव्हतं. एकट्याचा हिशोब जमतो, एकमेकांवर डोळा ठेवून असलेल्यांचा जमत नाही, असं काहीतरी तो दातऱ्या मुरोई म्हणाला होता. लाटण्यानं बडवायला हवं होतं त्याला, पोराच्या डोक्यात असलं भरवल्याबद्दल.

आयुष्यभर या जिभेनं सगळ्यांना सगळं सुनावलं होतं. घरमालकाला, सासऱ्याला, पालिकेतल्या साहेबाला. एकच प्रश्न तिनं कधी कुणाला विचारला नव्हता. नवरा हसला तेव्हा विचारायला हवा होता.

"केइगो," ती म्हणाली. "तू बाबांसारखा जाणार आहेस का?"

तो दचकला नाही. फार हळुवारपणे, आजारी माणसाची समजूत घालावी तसं म्हणाला, "बाबांचा पाय घसरला होता ना, आई."

"नाही," हात्सुयो म्हणाली. "नव्हता घसरला."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर काढली नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आत कुठेतरी, अगदी थोडं. भिंत पडल्यासारखं नाही, तिच्या पलीकडे कुणीतरी कूस बदलल्यासारखं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे. विचारलं त्याचं उत्तर दे."

"काल ठरलं होतं," तो म्हणाला. "पुलावरून परत आलो. म्हटलं, आधी हे मोजून टाकावं. नोझोएचं काम अर्धवट राहायला नको. ती चुकली नाही हे कागदावर यायला हवं."

"आणि आज?"

"आज हे चालू आहे. हे संपेपर्यंत नाही."

"कधी संपतं?"

"उद्या दुपारी."

उद्या दुपारी. तिच्या आत सगळं एकदम तोंडाशी आलं: ऊठ, घरी चल, काय बोलतोयस, लाज वाटते का, आईसमोर, मी काय म्हणून जन्माला घातलं, आधी तो डबा उघड आणि खा, आयुष्यभराचे सगळे शब्द, सगळे चोख, धार लावलेले, हाताला सवयीचे. तिनं तोंड उघडलं. आणि पडद्यावर एक ठिपका येऊन बसला, आधीच्या ठिपक्याच्या शेजारी, थोडंसं अंतर सोडून.

"हे आणखी सावकाश होतं का रे?" तिनं विचारलं.

"काय?"

"गार करणं. एवढी घाई कशाला करतोस?"

त्याच्या कपाळाला आठी पडली. मुलांच्या चुकीच्या प्रश्नावर पडते तशी नाही, बरोबर प्रश्नावर पडते तशी. "होतं," तो म्हणाला. "खरं तर मधल्या टप्प्यात सावकाशच करायला हवं. त्याच्या कडेचे छोटे छोटे भाग असतात, त्यांना जागच्या जागी वळून बसायला वेळ लागतो. घाई केली तर वेडेवाकडेच गोठतात, आणि मग काय मोजलं ते कळतच नाही."

"मग कर."

"किती?"

"जितकं होतं तितकं."

त्यानं हात मांडीवरून उचलला. थोडा वेळ तो हात हवेत तसाच राहिला. मग त्यानं कळफलक ओढला, एक आकडा खोडला, त्याहून लहान घातला. जरा थांबला. तोही खोडला आणि आणखी लहान घातला.

"आई, अशानं आठवडा लागेल."

"लागू दे."

तिनं भिंतीकडची खुर्ची घेतली, त्याच्या अगदी शेजारी न नेता मधे एका माणसाची जागा सोडून ठेवली, आणि बसली. हात खिशातून काढून मांडीवर ठेवले, एकावर एक, उघडे. दाराच्या फटीतून नोझोएची सावली आत पडली होती. तिनं त्या पोरीला आत ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. पिंपातली चिमणी ओरडत होती. पडद्यावर पुढचा ठिपका यायला फार वेळ लागला. मग आला.